बडीशेपेखालचं

पारोळ्याच्या बायपासला, जिथे सुरतेचे ट्रक
आळस देत थांबतात,
तिथे अकरा वर्षं शेवभाजी वाढतोय मी.
पहिल्या दिवशी सुपडूआप्पा म्हणाले,
"गिऱ्हाईकनं तोंड नको दखू. हात दख."

हात भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने
वाटी पुसायला लागला,
की दुसरी भाकरी तव्यावरून निघालेली असावी.
बोटं रिकाम्या पेल्याभोवती फिरू लागली
तर संपलंच.
"पानी मांगनं पडनं, का आपली चुकी."
कांदा न मागता. लिंबू न मागता.
तिखटाने डोळे भरलेल्या पुणेकरासमोर
हसू गिळून दह्याची वाटी.

आणि बिल
बडीशेपेच्या ताटलीत ठेवून लगेच पाठ फिरवायची.
शेजारचं टेबल पुसायचं, पुसलेलं असलं तरी.
"मानूस पैसा मोजस, तवय त्याले एकला सोड."

टीप हा शब्द आप्पांनी कधी उच्चारला नाही.
ते म्हणायचे, बडीशेपेखालचं.

मी अंदाज बांधायचो, आणि चुकायचो.
अर्धी प्लेट खाऊन उठलेला रावेरचा केळीवाला ड्रायव्हर
वीसची नोट दुमडून ठेवून गेला.
लग्नाहून परतणारी तेवीस माणसं
तीन तास मला नाचवून
खडीसाखरसुद्धा कागदात बांधून घेऊन गेली.
नाणी चिकट असायची, दाण्यांसकट खिशात जायची.
सदरा धुताना आई म्हणायची,
"खिशात पेरणी करतोस का रे?"

मग आप्पांचा गुडघा गेला.
दोन महिन्यांनी ते आले ते गिऱ्हाईक होऊन.
कडक इस्त्रीची टोपी, सोबत द्वारकाकाकू,
पंख्याखालचं चार नंबर.
काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या,
कुणी उठवेल अशा.
मी पापड जास्तीचा दिला, भरीत दिलं,
गुडघ्याचं विचारलं, मुलाचं विचारलं,
नव्या शेठच्या तक्रारी सांगितल्या,
काकूंना म्हटलं, लाजू नका, घरचंच समजा.
बिल ठेवलं. पाठ फिरवली.
तीन नंबर दोनदा पुसलं.

परत आलो तर बडीशेपेखाली
स्टील.
नुसतं स्टील, त्यात माझं तोंड, रुंद झालेलं.

ओट्यावर ते चपलेत पाय घालत होते.
माझ्याकडे न बघताच म्हणाले,
"रस्सा थंडा व्हता, भो.
अन् तू बोलीच ऱ्हायना व्हता."

राग आला. खोटं कशाला सांगू.
सायकलवरून घरी जाताना बोरीच्या पुलापर्यंत
मनात त्यांच्याशी भांडत होतो.
तेव्हापासून मात्र वाटी उचलण्याआधी
तिच्या बुडाला तळहात लावतो.
तळहाताला आता घट्टा पडलाय.

आता गल्ल्यावर एक डबा बसवलाय.
बाईच्या आवाजात तो
दोनशे साठ आले, चारशे दहा आले
असं सगळ्या हॉटेलला ऐकवतो.
आमच्या वाट्याचं त्याला बोलता येत नाही.
बडीशेपही गल्ल्यापाशी गेली,
लोक जाता जाता चिमूट उचलतात,
खाली काही ठेवायला ताटलीच नाही.

नवा पोरगा लोकेश, बारावी नापास, हुशार,
काल दुपारी भिंतीला टेकून म्हणाला,
"कुणी देतच नाही, तर पळायचं कशाला?"

मी उत्तर शोधत राहिलो.
आप्पांकडे असतं एखादं.
किंवा नसतंही,
त्यांनी माझ्याकडूनच टेबल पुसून घेतलं असतं.

पाच नंबरला एकटाच माणूस होता,
फोन कानाला, मान खाली.
मी म्हटलं, "त्याचा हात दख."

लोकेशने पाहिलं.
बोटं पेल्याकडे निघाली होती,
अजून पोचली नव्हती.

त्याने जग उचलला.